तुमच्या डिजिटल चलनाचं चिन्ह कसं ठरवाल?

नवं डिजिटल चलन काढणाऱ्या गटात चिन्हाचा विषय निघाला की सगळ्यांत आधी कुणीतरी चित्र टाकतं. गोल नाणं, मधोमध वळणदार अक्षर, मागे निळा-जांभळा रंग. मग रंगावर चर्चा, वळणावर चर्चा, मतदान. एवढं सगळं होतं आणि मग एक दिवस कुणीतरी मित्राला 'तुला पाच पाठवले' असं लिहायला बसतो. त्याच्या कीबोर्डवर त्या चित्राचा मागमूस नसतो. तो बापडा चलनाचं अख्खं नाव टाइप करतो, नाहीतर साधारण तसंच दिसणारं दुसरं काहीतरी शोधून चिकटवतो. पुढच्या माणसाला ते 'दुसरं काहीतरी'च खरं चिन्ह वाटतं, आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

हा लेख लोगोबद्दल नाही. आकड्याच्या शेजारी लिहायच्या चिन्हाबद्दल आहे: रुपयासाठी ₹, युरोसाठी € असतं तसं. माझं मत आधीच सांगतो. तुमच्या प्रकल्पाशी ज्याचा काडीचाही संबंध नाही असा माणूस, त्याच्या हातात असलेल्या फोनवर, आज जे लिहू शकतो तेच चांगलं चिन्ह. दिसायला देखणं असेल तर उत्तमच, पण तो मुद्दा नंतरचा.

पायरी १: लोगो, संक्षेप आणि चिन्ह यांची फारकत करा

बिटकॉइनचं उदाहरण घेऊ, कारण तिथे तिन्ही गोष्टी स्वच्छ वेगळ्या दिसतात. नारिंगी चकतीवर उजवीकडे किंचित कललेला पांढरा बी हा लोगो. बीटीसी हा संक्षेप, म्हणजे एक्स्चेंजवाले (डिजिटल चलनांच्या खरेदी-विक्रीचे बाजार चालवणारे) ज्याला टिकर म्हणतात तो. आणि ₿ हे चिन्ह. लोगोला रंग असतो, कल असतो, तो चित्राच्या फाइलीत राहतो. चिन्ह मजकुरात राहतं. ते ठळक होतं, तिरपं होतं, कॉपी-पेस्ट होतं, शोधता येतं, काळ्या शाईत छापलं तरी तेच राहतं. ₿ मजकुरात सरळ उभा असतो, कललेला नसतो, हेही पाहून ठेवा. लोगोतली ऐट चिन्हात आणायची नसते.

या तिघांत सगळ्यांत आधी संक्षेप पक्का करा. चिन्ह दिसलं नाही, छापलं गेलं नाही, कुणाला कळलं नाही, तर त्याची जागा संक्षेपच घेतो. म्हणून त्याच्यावर जरा जास्त वेळ गेला तरी चालेल.

देशोदेशीच्या चलनांचे तीन अक्षरी संक्षेप आयएसओ ४२१७ या मानकातून येतात. त्यात सहसा पहिली दोन अक्षरं देशाची आणि तिसरं चलनाचं. कुठल्याही एका देशाचं नसेल ते एक्सने सुरू होतं: सोनं एक्सएयू, चांदी एक्सएजी. या हिशोबाने बीटीसी अडचणीत येतो, कारण बीटी ही अक्षरं भूतानची आहेत आणि भूतानच्या चलनाचा संक्षेप बीटीएन आहे. म्हणून काही ठिकाणी बिटकॉइनसाठी एक्सबीटी वापरला गेला. लोकांच्या तोंडी मात्र बीटीसीच बसला. तुम्ही नव्याने सुरुवात करताय, तर एक्सने सुरू होणारा संक्षेप घेण्याचा मोह होईल; पण त्याने मानकात जागा मिळते असं नाही. फक्त एखाद्या देशाच्या चालू चलनाशी टक्कर टळते.

अक्षरं तीनच ठेवा. यामागे अगदी रोजच्या कामाचं कारण आहे. ब्राउझरमध्ये रकमा दाखवायला जावास्क्रिप्टची जी तयार सोय आहे, ती चलनासाठी तीन अक्षरी संक्षेपच स्वीकारते. चार अक्षरी दिला की सरळ त्रुटी फेकते. यूएसडीटीसारखा (टेदर या डॉलरशी बांधलेल्या टोकनाचा) चार अक्षरी संक्षेप असेल तर प्रत्येक प्रोग्रामरला तिथे वळसा घालावा लागतो.

आणि मोठ्या एक्स्चेंजच्या याद्या चाळा. क्रिप्टोच्या संक्षेपांवर कुणा एकाची मालकी नाही, कुणी वाटप करत नाही, त्यामुळे एकच संक्षेप दोन-दोन टोकनांनी, म्हणजे डिजिटल नाण्यांनी, वापरलेला सर्रास सापडतो. नेमकी ओळख पटवण्यासाठी आयएसओ २४१६५ हे वेगळं मानक २०२१ मध्ये आलं. त्यात प्रत्येक टोकनाला नऊ अक्षर-अंकांची ओळख मिळते. ती हिशोबाच्या आणि नियामकांच्या कागदपत्रांत उपयोगी. माणसांनी लिहायची गोष्ट ती नाही.

पायरी २: चिन्ह हवंच आहे का, हे विचारा

हा प्रश्न गटात विचारला की वातावरण थंड होतं, पण विचारा. स्विस फ्रँकला आजही स्वतःचं असं सर्वमान्य चिन्ह नाही. सीएचएफ ही तीन अक्षरं लिहितात आणि त्या चलनाची पत कुठे कमी झालेली नाही.

तुमचं चलन एखाद्या जुन्या चलनाचंच डिजिटल रूप असेल तर नवं चिन्ह काढू नका. भारतीय रिझर्व्ह बँकेने डिजिटल रुपया आणला तेव्हा ₹ च्या आधी फक्त एक छोटा रोमन ई जोडला. बघणाऱ्याला क्षणात कळतं की हा रुपयाच आहे, फक्त त्याचं रूप डिजिटल आहे. एकास एक किमतीचं नातं असेल तर ते नातं चिन्हात दिसायला हवं.

याची उलट बाजू फार महत्त्वाची आहे. तुमचं टोकन डॉलरशी बांधलेलं आहे असं तुम्ही म्हणता, पण ते डॉलर नव्हे. ते देणाऱ्या कंपनीचं वचन आहे. तिथे नुसतं $ लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल. टेदर ही कंपनी स्वतः डॉलरच्या तीन अक्षरांपुढे ₮ जोडते, तेवढा फरक तरी ठेवाच. या बाबतीत मी कुठलीही सवलत द्यायला तयार नाही. रकमेच्या शेजारचं चिन्ह लोक विश्वासाने वाचतात, तपासत बसत नाहीत.

पायरी ३: चिन्ह नेमकं कुठल्या एककाचं?

डिजिटल चलनं बारीक तुकड्यांत मोडतात. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. इथरचं (इथेरियम या जाळ्याच्या चलनाचं) सर्वांत लहान एकक वेई, आणि एका इथरमध्ये एकावर अठरा शून्यं इतके वेई. व्यवहाराचं शुल्क मोजायला मधलंच ग्वेई वापरतात, म्हणजे इथरचा शंभर कोटीवा भाग. आता तुमचं चिन्ह यांतल्या कशासमोर लागणार?

आज नाण्याचा भाव कमी आहे म्हणून पूर्ण नाण्याला चिन्ह द्याल. उद्या भाव चढला की रोजचे व्यवहार लहान एककात होतील आणि त्याला चिन्हच नसेल. सातोशीचं नेमकं हेच झालं. त्याच्यासाठी निरनिराळे आकार सुचवले गेले, पण आजतागायत युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, त्याला स्वतःची जागा नाही. लोक 'सॅट्स' असं लिहून भागवतात. त्यातच बीआयपी १७७ या बिटकॉइनमधल्या सुधारणेच्या प्रस्तावाने म्हटलं की सर्वांत लहान एककालाच बिटकॉइन म्हणावं आणि ₿ पूर्णांकांसमोर लिहावं. प्रस्तावाच्या गुणदोषांत मी इथे शिरत नाही. पण त्याचा परिणाम डोळ्यांसमोर आणा: ₿१००० ही रक्कम एका वॉलेटमध्ये (नाणी ठेवायच्या ॲपमध्ये) एक अर्थ सांगेल आणि दुसऱ्यात दुसराच, आणि दोघांत दहा कोटी पटींचा फरक.

म्हणून एक वाक्य लिहून ठेवा आणि सगळीकडे तेच छापा: 'हे चिन्ह अमुक एककासाठीच आहे, लहान एककासाठी तमुक शब्द वापरावा.' चिन्हाचा आकार ठरण्याआधी हे वाक्य तयार हवं.

पायरी ४: आधी असलेल्या अक्षरांत शोधा

सर्वांत जास्त वेळ इथे घालवा. युनिकोडमध्ये दीड लाखाच्या आसपास अक्षरं आणि चिन्हं आहेत आणि त्यांतली बरीच लोकांच्या फोनमध्ये आज दिसतात. तुमचं चिन्ह त्यांत सापडलं तर कुणाची परवानगी नको, फॉन्ट बनवायला नको, वाट पाहायला नको.

बहुतेक जुन्या क्रिप्टो चलनांनी हाच रस्ता धरला. इथरसाठी लोकांनी ग्रीक वर्णमालेतलं कॅपिटल झाय घेतलं, एकाखाली एक तीन आडव्या रेघांचं. लाइटकॉइनने पोलिश भाषेतलं तिरकी रेघ मारलेलं एल घेतलं. मोनेरोने शेपटीवाला एम. तेझोसने टी आणि झेड जोडून झालेलं एक लहानसं जोडाक्षर. कार्डानोच्या एडा या चलनासाठी ₳ वापरतात. हे खरं तर अर्जेंटिनाच्या ऑस्ट्रल या चलनाचं चिन्ह, आणि ते चलन १९८५ ते १९९१ एवढंच चाललं. टेदरचं ₮ हे मंगोलियाच्या तुगरिकचं.

यांतली शेवटची दोन उदाहरणं एकमेकांशेजारी ठेवून पाहा. ऑस्ट्रल बंद पडून तीन दशकं उलटली, त्यामुळे ₳ दिसल्यावर कुणाचा पगार किंवा कर्ज असा गैरसमज होण्याची शक्यता नाही. तुगरिक मात्र चालू आहे. तिथल्या माणसाला ₮ म्हणजे रोजचे पैसे. वापरात असलेल्या देशी चलनाचं चिन्ह घेऊ नका, हा माझा नियम. देश लहान आहे म्हणून तर मुळीच घेऊ नका.

बिटकॉइनही या वळणावरून गेलं आहे. स्वतःचं चिन्ह युनिकोडमध्ये येईपर्यंत लोक थायलंडच्या बाहतचं ฿ वापरत होते. दिसायला जवळपास तेच. पण थायलंडच्या वाचकासमोर ฿५०० लिहिलं तर तो काय समजणार?

आता एक सापळा जरा जवळून दाखवतो. डोजकॉइनसाठी डी च्या उभ्या दांड्यावर छोटी आडवी रेघ असलेलं अक्षर वापरतात. हुबेहूब असं दिसणारी युनिकोडमध्ये एक नाही, तीन वेगवेगळी अक्षरं आहेत. एक आइसलँडच्या भाषेतलं एथ, क्रमांक ००डी०. दुसरं क्रोएशियन आणि व्हिएतनामी लिपीतलं, ०११०. तिसरं आफ्रिकी भाषांतलं, ०१८९. मोठ्या रूपात तिन्ही एकसारखी. एकाने पहिलं टाइप केलं, दुसऱ्याने दुसरं शोधलं, की शोध रिकामा. आणि एखाद्या प्रोग्रामने मजकूर लहान अक्षरांत बदलला की तिघांची तीन निराळी रूपं बाहेर पडतात: एक वाकड्या मानेचं, एक सरळ दांड्याचं, एक खाली शेपूट असलेलं. चिन्ह म्हणून जे पक्कं होतं ते तुमच्या डोळ्यांदेखत बदलून जातं.

तेव्हा उमेदवार अक्षर हाती लागलं की हे तपासा:

त्याचा युनिकोड क्रमांक लिहून घ्या आणि जाहीर करताना नुसता आकार न देता क्रमांकही द्या. दिसणारा आकार हा पत्ता नव्हे, क्रमांक हा पत्ता.

ते 'अक्षर' आहे की 'चलनचिन्ह', हे बघा. युनिकोड प्रत्येक खुणेला वर्ग देतं. ₳, ₮, ₿ हे चलनचिन्हांच्या वर्गात आहेत. ग्रीक झाय आणि रेघवाला डी अक्षरांच्या. अक्षराला मोठं-लहान रूप असू शकतं, ते शेजारच्या शब्दाला चिकटून एक शब्द होतं, आणि मजकुरातून रकमा वेचणारा प्रोग्राम चलनचिन्ह शोधत असेल तर अक्षर त्याच्या हाती लागत नाही. दोन्ही उमेदवार सारखे आवडले असतील तर चलनचिन्हाच्या वर्गातलं घ्या.

त्याच्यासारखं दिसणारं आणखी काय आहे? झाय अक्षरासारखंच गणितातलं ≡ दिसतं, शिवाय चिनी लिपीत तीन हा आकडाही तीन आडव्या रेघांचाच. आकड्याशेजारी लावायचं चिन्ह आकड्यासारखं दिसणं ही साधी बाब नाही.

आणि ते ऐकून पाहा. दृष्टिहीन माणूस फोनवरचा मजकूर स्क्रीन रीडरने ऐकतो. ₳ आलं की तो रीडर 'ऑस्ट्रल' म्हणू शकतो, किंवा काहीच म्हणत नाही आणि नुसता आकडा वाचतो. युनिकोडमधली नावं एकदा ठरली की बदलत नाहीत, तेव्हा ती पुढे सुधारतील या आशेवर राहू नका. रकमेचं चलन ऐकू न येणं किती अवघड पडतं, ते कुणा वापरणाऱ्याजवळ बसून पाहा. मी त्यानंतर संक्षेपाशिवाय नुसतं चिन्ह ठेवायला कधीच तयार झालो नाही.

पायरी ५: नवा आकार काढायचाच असेल तर

शोधून काही सापडलं नाही, गटात ताकद आहे, चलन टिकणार याची खात्री आहे, तरच इकडे वळा.

चलनचिन्हांची एक जुनी रीत आहे: ओळखीचं अक्षर घ्यायचं आणि त्यावरून एक किंवा दोन रेघा काढायच्या. ¥, €, ₩, ₦, ₱, ₹ सगळी याच कुळातली. या रेघांमुळेच न शिकवता वाचणाऱ्याला कळतं की हे पैशांबद्दल आहे. ही रीत मोडून काही कमावता येत नाही.

मग हा आकार घेऊन ज्यांनी तो पाहिलेला नाही अशा लोकांकडे जा. एकदा दाखवा, झाका, आणि भराभर काढायला सांगा. दुसऱ्या दिवशी आठवणीतून काढायला सांगा. लोक जे काढतील तेच तुमचं खरं चिन्ह. तुमच्या रेखाटनातला जो तपशील सगळ्यांनीच गाळला तो तुम्हीही गाळा.

मग लहान करून बघा. बारा पिक्सेलच्या उंचीला दोन आडव्या रेघा एकमेकींत मिसळून एकच जाड पट्टा होतो. ₿ मध्ये उभ्या रेघा बी च्या पोटातून जात नाहीत, फक्त वर आणि खाली टोकं डोकावतात. त्यामुळे बी च्या दोन पोकळ्या मोकळ्या राहतात आणि बाहतच्या आरपार रेघेपासून तो वेगळाही ओळखू येतो. पण ठळक अक्षरांत आणि लहान आकारात तीच टोकं एकेका पिक्सेलची उरतात, आणि मग तो साध्या बी सारखा, किंवा 8 या आकड्यासारखा दिसू लागतो. म्हणून चिन्हाची चाचणी नेहमी आकड्यांसह करा, आणि आकड्यांत आठ आणि शून्य हवेतच.

रुंदी आकड्याइतकी ठेवा. हिशोबाच्या तक्त्यात सगळे आकडे समान रुंदीचे असतात. चिन्ह पसरट असेल तर रकाना वाकडा दिसतो. युरोच्या वेळी युरोपियन आयोगाने चिन्हाची भूमिती आखून दिली होती, पण ती जशीच्या तशी बहुतेक फॉन्टमध्ये बसेना. अक्षरं आखणाऱ्यांनी आपापल्या फॉन्टच्या वळणात € बसवला आणि आज आपण तोच वाचतो. तेव्हा कोन आणि अंश ठरवून देऊ नका. 'अमुक अक्षर, त्यावर तमुक ठिकाणी दोन रेघा' एवढं वर्णन पुरे. फॉन्टकाराला मोकळीक दिलीत तरच तो ते आपलं म्हणून काढेल.

हक्कांचं तिथल्या तिथे मिटवा. ज्याने काढलं त्याच्याकडून लेखी घ्या की हा आकार कुणीही, कशासाठीही, विनामूल्य वापरू शकतो. त्याची ट्रेडमार्क नोंदणी करू नका. लोगोची हवी तर करा.

पायरी ६: त्याला प्रवासाला पाठवा

तुमच्या पडद्यावर दिसतं म्हणजे झालं असं नाही. एक छोटी ओळ तयार करा: चिन्ह, त्यापुढे आठ-शून्य-दशांश असलेली रक्कम, मग रक्कम आधी आणि चिन्ह नंतर, मग उणे रक्कम. ही ओळ जुन्या अँड्रॉइड फोनवर, ईमेलच्या विषयात, पीडीएफमध्ये, पावती छापणाऱ्या थर्मल प्रिंटरवर पाठवा. उर्दू, अरबी किंवा हिब्रू मजकुरात टाकून बघा. उजवीकडून लिहायच्या ओळीत चिन्ह आणि आकडा यांची जागा अदलाबदल होऊ शकते.

दोन ठिकाणं खास सांगतो, कारण नवे लोक तिथे हमखास अडकतात.

पहिलं एसएमएस. रोमन लिपीतला साधा संदेश सात बिटांच्या संचात जातो आणि त्यात १६० अक्षरं मावतात. त्या संचात $, £, ¥ आहेत, € सुद्धा आहे (दोन अक्षरांची जागा खातो). ₿ नाही. त्याबाहेरचं एक जरी अक्षर आलं तरी अख्खा संदेश दुसऱ्या पद्धतीत जातो आणि मर्यादा ७० वर येते. म्हणजे व्यवहाराची सूचना एका एसएमएसऐवजी दोन-तीन एसएमएसमध्ये जाते आणि पैसेही त्या हिशोबाने लागतात. देवनागरीत संदेश पाठवणाऱ्यांची मर्यादा मुळातच ७० असते, त्यांना चिन्हाचा वेगळा भुर्दंड नाही. रोमन लिपीतल्या एसएमएसमध्ये मात्र संक्षेपच वापरा.

दुसरं सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची फाइल. युनिकोड मजकूर साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत ₿ तीन बाइटचा असतो. फाइल जुन्या विंडोज संकेतनात (अक्षरं साठवायच्या जुन्या पद्धतीत) उघडली की त्या तीन बाइटची तीन निरर्थक अक्षरं रकमेला चिकटलेली दिसतात, आणि स्प्रेडशीट त्या रकान्याची बेरीज करायला नकार देते. हिशोबाच्या फाइलीत चिन्ह घालूच नका. रक्कम एका रकान्यात, संक्षेप दुसऱ्यात.

पायरी ७: लिहिण्याचे नियम ठरवा

चिन्ह आकड्याच्या आधी की नंतर, मध्ये जागा की नाही, उणे चिन्ह कुठे. जागा सोडणार असाल तर न तुटणारी जागा वापरा, नाहीतर चिन्ह एका ओळीच्या शेवटी आणि रक्कम दुसऱ्या ओळीत जाते. खरं तर आधी-नंतरचा वाद घालत बसू नका. वेगवेगळ्या भाषांच्या सवयी वेगळ्या आहेत, आणि चांगलं सॉफ्टवेअर भाषेप्रमाणे जागा बदलतं.

दशांशांचं मात्र पक्कं लिहा. मघाशी म्हटलेली जावास्क्रिप्टची सोय अनोळखी संक्षेपाला आपणहून दोनच दशांश लावते. त्यामुळे ०.०००१५ ही रक्कम पडद्यावर ०.०० दिसते. पाठवणाऱ्याच्या खात्यातून रक्कम गेलेली असते आणि घेणाऱ्याला शून्य दिसतं. किती दशांश दाखवायचे हे चिन्हाच्या नियमांतच लिहिलं तर प्रत्येक वॉलेट बनवणाऱ्याला ते आठवणीने ठरवावं लागणार नाही.

पायरी ८: युनिकोडची वाट

नवा आकार असेल तर शेवटी युनिकोडकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. कुणीही पाठवू शकतं. पण तिथला पहिला प्रश्न लक्षात ठेवा: लोक हे मजकुरात वापरतायत का? लोगो तिथे घेत नाहीत, आणि 'आमचं चलन पुढे मोठं होणार आहे' यालाही किंमत नाही.

सरकारी चलनांचं काम झपाट्याने होतं. रुपयाचं चिन्ह जुलै २०१० मध्ये ठरलं आणि त्याच ऑक्टोबरात युनिकोड ६.० मध्ये आलं. तुर्की लिराचं ₺ २०१२ मध्ये जाहीर झालं आणि त्याच वर्षी आलं. अख्खा देश ते वापरणार हे उघड असतं. बिटकॉइनला तसं कुणी पाठीशी नव्हतं. २०११ मध्ये एक प्रस्ताव गेला, तो पुढे सरकला नाही. २०१५ मध्ये केन शिरिफ यांनी नव्याने प्रस्ताव मांडला. लोक लोगो सोडून साध्या मजकुरात, वाक्याच्या मध्ये हे चिन्ह वापरतात याचे नमुने त्यात होते, आणि ते बाहतपेक्षा वेगळं का, हेही होतं. त्याच वर्षी तो स्वीकारला गेला आणि जून २०१७ मध्ये युनिकोड १०.० मध्ये ₿ ला २०बीएफ हा क्रमांक मिळाला. म्हणून आजपासून नमुने जमवा: छापील मजकूर, पावत्या, लेख, हस्ताक्षर. तारखेसह ठेवा.

इथे कोंडी आहे हे मला मान्य आहे. क्रमांक नाही तर लोक टाइप कसे करणार, आणि टाइप केलं नाही तर क्रमांक कसा मिळणार? मधल्या काळासाठी युनिकोडने खासगी वापराची जागा मोकळी ठेवली आहे, ई००० पासून एफ८एफएफ पर्यंत. तुमच्या फॉन्टमध्ये चिन्ह तिथे बसवा. तुमचा फॉन्ट ज्यांच्याकडे नाही त्यांना रिकामी चौकट दिसेल. चौकट दिसली की काहीतरी राहिलंय हे कळतं तरी.

दुसऱ्या अक्षराच्या जागी मात्र बसवू नका. रुपयाचं चिन्ह नवं होतं तेव्हा एका फॉन्टने ते कीबोर्डवरच्या उलट्या स्वल्पविरामासारख्या ग्रेव्ह खुणेच्या जागी बसवलं होतं. फॉन्ट असेल तिथे रुपया, नसेल तिथे रकमेआधी एक बारीक तिरकी रेघ. असे मजकूर जिथे कुठे राहिले तिथे त्यांत आजही रुपया नाही, ती रेघच आहे. युरोच्या वेळीही जुन्या संकेतनातली ¤ या कुठल्याही चलनासाठीच्या सर्वसाधारण खुणेची जागा नव्या संकेतनात € ला दिली गेली, आणि दोन यंत्रांचं जमलं नाही की युरोच्या जागी ¤ उमटायचं.

क्रमांक मिळाला तरी फॉन्टमध्ये ते चिन्ह पोहोचायला वेळ जातो, आणि लोकांच्या हातातले जुने फोन लगेच बदलत नाहीत. किर्गिझ सोमचं चिन्ह २०२१ मध्ये युनिकोड १४.० मध्ये आलं. ते तुमच्या जवळच्या सगळ्या यंत्रांवर उघडून पाहा, म्हणजे किती धीर लागतो याचा अंदाज येईल. तोवर पावती, करार आणि व्यवहाराच्या सूचना यांत चिन्हासोबत तीन अक्षरी संक्षेप लिहीत राहा.